उलटी झाली, जेवण नाही, मग इन्सुलिनचं काय? (कीटोनबद्दलचा धागा)

फार्मसिस्ट_पुसद | १८ जुलै, रा. ८:५०

पावसाळा लागला की तालुक्याच्या दवाखान्यांत हेच दिसतं. ताप येतो, उलट्या होतात, दोन दिवस पोटात अन्न नसतं, आणि घरचे म्हणतात, "जेवणच नाही तर सुई कायले द्यायची?" सुई बंद होते, आणि तिसऱ्या दिवशी माणूस धापा टाकत येतो. हे टाळता येतं, म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी कारण समजून घेऊ. इन्सुलिन फक्त जेवण पचवायला लागतं हा समज चुकीचा आहे. पोट रिकामं असलं तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं. अंगातली चरबी भसाभस वितळू नये म्हणूनही थोडं इन्सुलिन चोवीस तास लागतं. ते मिळालं नाही की चरबी सुटते आणि यकृत तिचे कीटोन बनवतं. कीटोन हे आम्ल आहे. थोडं असेल तर शरीर निभावून नेतं, साचत गेलं की रक्तच आंबट होतं. सोबत लघवीवाटे पाणी आणि क्षार निघून जातात. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात, दवाखान्यात 'डीकेए' म्हणतील. तापात इन्सुलिनची गरज उलट वाढते, आणि आपण नेमकं तेव्हाच ते थांबवतो.

तपासायचं कोणी? टाइप १ (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही तो मधुमेह) असलेल्या प्रत्येकाने. मधुमेह असलेल्या गरोदर बाईने. स्वादुपिंड खराब झालेल्याने किंवा काढलेल्याने. 'ग्लिफ्लोझिन' गटाची गोळी घेणाऱ्याने (याबद्दल खाली नक्की कोणीतरी विचारेल). साध्या टाइप २ वाल्याला रोज गरज नाही, पण जबर आजारपणात त्यालाही होऊ शकतं.

कधी? शुगर २५० च्या वर जाऊन उतरत नसेल, उलटी किंवा मळमळ असेल, पोट दुखत असेल, ताप असेल, किंवा सुई चुकली असेल तेव्हा. उलटी असेल तर शुगर कितीही असो, तपासायचंच.

रक्तातल्या कीटोनचे आकडे (मिलिमोल प्रति लिटर) असे: ०.६ च्या खाली ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे वाढू लागलेत, दोन तासांनी परत बघा. १.५ ते ३ म्हणजे धोका, डॉक्टरांना फोन करा आणि जादा इन्सुलिन द्या. ३ किंवा जास्त असेल तर गाडी काढा. लघवीच्या पट्टीवर ढोबळ जोडी अशी लावा: 'थोडे' म्हणजे ०.६ ते १.५, 'मध्यम' म्हणजे १.५ ते ३, 'जास्त' म्हणजे ३ किंवा वर.

लॅब_दारव्हा | १८ जुलै, रा. ९:४०

चांगला विषय काढला, दादा. पट्टीबद्दल मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

रक्ताची कीटोन पट्टी गावात मिळत नाही, जिल्ह्यालाही मागवावी लागते आणि महाग पडते. लघवीच्या पट्ट्यांची डबी मात्र मेडिकलवाला सांगितली तर आणून देतो. ५० किंवा १०० पट्ट्या असतात. घेताना 'साखर आणि कीटोन' दोन्ही दाखवणारी मागा, फक्त साखरेची नको.

पद्धत: लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या. पट्टीचं टोक बुडवून लगेच काढा, काठाला टेकवून जास्तीचं निथळू द्या आणि घड्याळ लावा. साखर-कीटोनवाल्या पट्टीत कीटोनचा चौकोन साधारण १५ सेकंदांनी वाचतात आणि साखरेचा ३० ला. दहा तपासण्यांच्या लांब पट्टीत कीटोनला ४० सेकंद लागतात. तुमच्या डबीवर जे छापलंय तेच खरं. दोन मिनिटांनी रंग गडद झाला म्हणून घाबरायचं नाही आणि पाच सेकंदांत फिकट दिसला म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. रंग बदामीपासून गुलाबी आणि पुढे जांभळ्या-वांगी रंगाकडे जातो. वाचन खिडकीच्या उजेडात करा. पिवळ्या बल्बखाली गुलाबी रंग फसवतो.

पट्टी खराब होते ती हवेतल्या ओलीने. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये डबी दहा मिनिटं उघडी राहिली तरी पट्ट्या दमट होतात. दमट पट्टी कीटोन असूनही 'नाही' दाखवते, म्हणजे नेमकी उलट्या बाजूने फसवते. टोपणातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका. ओल्या हाताने पट्टी काढू नका. डबी फोडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा, सहा महिन्यांनी उरलेल्या फेकायच्या. फ्रिजमध्ये ठेवायची नाही आणि चुलीजवळच्या फडताळातही नाही.

काही जण पैसे वाचवायला पट्टी उभी कापून दोन करतात. कंपन्या याला मान्यता देत नाहीत. कापलीच तर कात्री कोरडी हवी, चौकोनाला बोट लागू नये, आणि आजारपणात अर्धी पट्टी वापरू नये. रक्ताची पट्टी कापायची नसते, ती वायाच जाते.

अजून एक. लघवीची पट्टी दोन-चार तासांपूर्वीचं चित्र दाखवते, कारण लघवी तेवढा वेळ मूत्राशयात साठलेली असते. म्हणून आजारी माणसाला आधी एकदा लघवी करायला लावा, ग्लासभर पाणी पाजा आणि अर्ध्या तासाने होईल ती लघवी तपासा.

कपाशी_वावर | १८ जुलै, रा. १०:१५

वाचून लय कामाचं वाटलं. एक अडचण. गावात बहुतेकांना सरकारी दवाखान्यातून मिक्स इन्सुलिन मिळतं, ३०/७० वालं, सकाळ-संध्याकाळ. वेगळं काही नसते. कीटोन वाढले तर याच्यातलंच जादा टोचायचं काय?

सिस्टर_आर्वी | १९ जुलै, स. ६:३०

नाही भाऊ. मिक्सने दुरुस्ती करायची नाही. ३०/७० मध्ये ७० टक्के भाग संथ इन्सुलिनचा असतो आणि त्याचं काम बारा तास आणि वरही चालतं. आत्ता दिलेला जादा डोस रात्री दोन वाजता, पोट रिकामं असताना शुगर खाली पाडेल. दुरुस्तीला साधं, पाण्यासारखं स्वच्छ 'आर' इन्सुलिन लागतं. ते सरकारी पुरवठ्यातही असतं, मागावं लागतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "आजारपणासाठी एक आरची बाटली आणि किती द्यायचं ते कागदावर लिहून द्या." १० मि.लि.च्या बाटलीत ४०० युनिट असतात.

नेहमीचा मिक्सचा डोस बंद करायचा नाही. खाणं अर्धं झालं आणि शुगर चढलेली असेल तर नेहमीइतकाच द्या. शुगर १५० च्या खाली आणि खाणं नावालाच असेल तर डोस कमी करावा लागतो. किती कमी करायचा ते डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे, फोनवर रेंज मिळेल याची खात्री नाही.

आता सिरिंजबद्दल, कारण इथे जीव जातात. सरकारी बाटली बहुतेक ४० युनिट प्रति मि.लि.ची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपणाची. मेडिकलमध्ये लाल संपली म्हणून केशरी दिली आणि तिच्यावर २० च्या रेघेपर्यंत ४० वालं इन्सुलिन भरलं, तर अंगात जातं फक्त ८ युनिट. शुगर चढते, कीटोन येतात, आणि घरचे म्हणतात, सुई तर रोज देतो! उलट झालं, म्हणजे १०० वालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात आणि माणूस शुगर पडून बेशुद्ध होतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा. पेनाच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नका, त्यात बहुतेक १०० वालं असतं.

टाइप१_पालक_हिंगणघाट | १९ जुलै, स. ८:०५

सिस्टरताईंनी लिहिलं ते सोन्यासारखं आहे. दुरुस्तीचा हिशेब मी मांडतो, पण आपल्या डॉक्टरांकडून तो एकदा तपासून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. तापाच्या रात्री डोकं चालत नाही.

दिवसभराचं एकूण इन्सुलिन काढा, सगळ्या सुया मिळून. समजा ४० युनिट. शुगर वर आणि कीटोन मध्यम (रक्तात १.५ ते ३) असतील तर एकूणच्या १० टक्के जादा, म्हणजे ४ युनिट. जास्त (३ च्या वर) असतील तर २० टक्के, म्हणजे ८, आणि हे टोचून लगेच दवाखान्याचा रस्ता धरायचा. घरी बसून वाट बघायची नाही. हे नेहमीच्या सुयांच्या वरचं आहे, त्यांच्या ऐवजी नाही.

परत कधी द्यायचं हे कोणतं इन्सुलिन आहे त्यावर ठरतं. जलद ॲनालॉग (आरपेक्षा लवकर काम करणारं इन्सुलिन) असेल तर दोन ते चार तासांनी. साधं आर असेल तर चार तासांच्या आत पुन्हा नाही. आर अर्ध्या तासाने कामाला लागतं, दोन ते चार तासांत जोरात असतं आणि सहा-आठ तास उरतं. घाईत एकावर एक दिलं की सगळे डोस एकत्र काम करतात आणि पहाटे शुगर ४० वर येते. लहान मुलांचे आकडे वजनावर असतात, मोठ्यांचा हिशेब त्यांना लावायचा नाही.

पाण्याचा नियम शुगर बघून. २०० च्या वर असेल तर साधं पाणी, पातळ मठ्ठा मीठ घालून, वरणाचं वरचं पाणी. मोठ्या माणसाला जागं असेपर्यंत दर तासाला एक ग्लास, पण घोटघोट. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या. शुगर २०० च्या खाली आली आणि कीटोन अजून आहेत, तर आता साखर लागेल. ओआरएस, भाताची पेज, ज्वारीची आंबील, साखरपाणी. साखर का? कीटोन बंद करायला इन्सुलिन हवं, आणि इन्सुलिन देता यावं म्हणून पोटात थोडी साखर हवी. मधुमेहीला साखर द्यायला लोकांचा हात थरथरतो, पण इथे ती औषध आहे.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एकाच लिटरमध्ये कालवा. पाकिटावर २०० मि.लि. लिहिलंय का ते वाचा, दोन्ही मापं बाजारात आहेत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर पाच मिनिटांनी एक मोठा चमचा पाणी. एकदम ग्लासभर दिलं की परत येतं.

आणि कीटोन असताना वावरात पाठवू नका. १.५ च्या वर असेल तर खुरपणी, फवारणी, सायकल काहीच नाही. मेहनतीने शुगर उतरते हे इन्सुलिन अंगात असताना खरं. नसताना मेहनत केली तर शुगर आणि कीटोन दोन्ही चढतात.

मालगुजारी_तलाव | १९ जुलै, दु. १:२०

कीटोन आम्ल आहे म्हणता, मग खायचा सोडा लिंबूपाण्यात देऊन चालते काय? आमच्याकडे पोट जळलं की देतात, म्हणून इचारलं.

पीएचसी_एमओ | १९ जुलै, दु. २:४५

नाही. आम्ल तयार होण्याचं कारण इन्सुलिनचा तुटवडा आहे. सोडा टाकून नळ बंद होत नाही, वरून मिठाचा आणि गॅसचा त्रास वाढतो. दवाखान्यातसुद्धा सोड्याचं इंजेक्शन क्वचितच, अगदी टोकाच्या केसमध्ये देतात.

यावरून दवाखान्याकडचं लिहितो, कारण रुग्ण तालुक्याला पोहोचायच्या आधी बिघडतो तो बरेचदा गावातल्या सुईने.

पहिली चूक म्हणजे 'ताकदीची सलाईन'. उलटी-अशक्तपणा म्हटलं की ग्लुकोजची बाटली लटकवतात. ५ टक्केवाल्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. शुगर ४५० असताना, इन्सुलिन न देता ती देणं म्हणजे आगीत तेल. बाटलीवर 'डी-५' किंवा 'डीएनएस' लिहिलं असेल तर आधी बोटातून शुगर तपासायला सांगा. सुरुवातीला लागतं ते साधं मिठाचं सलाईन, 'एनएस', ०.९ टक्के. पुढे शुगर २५० च्या खाली आल्यावर आम्हीच ग्लुकोज जोडतो, ते वेगळं.

दुसरी चूक, ताप उतरवायला डेक्सामेथासोनची सुई. हे स्टेरॉइड आहे. एका सुईने शुगर दिवसभर आणि जास्त वेळही चढलेली राहते. मधुमेह असल्याचं सांगा आणि कोणती सुई देताय ते विचारा. विचारायला लाजू नका.

कधी थांबायचं नाही: दोन तास पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. रक्तातले कीटोन ३ च्या वर, किंवा पट्टी गडद जांभळी. दोन जादा डोस देऊनही कीटोन उतरत नाहीत. श्वास खोल आणि जलद, जणू पळून आलाय. असा श्वास ॲडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टराने १८७४ मध्ये नोंदवला, तेव्हापासून त्याचं नाव त्याला चिकटलंय. तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नखपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास. गुंगी. पोटात जबर दुखणं. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर यातलं एक लक्षणही पुरे. १०८ ला फोन करताना 'शुगरवाला पेशंट, उलट्या, श्वास लागलाय' असं तीन शब्दांत सांगा. गाडीत बसायच्या आधी इन्सुलिनची बाटली, शेवटचा डोस किती आणि कधी, आणि पट्टीचा आकडा कागदावर लिहून सोबत घ्या.

दवाखान्यात पहिल्या तासात मोठ्या माणसाला साधारण एक लिटर एनएस जातं. मग पोटॅशियम बघतात आणि ते ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थोडं थांबवतात. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. आधीच कमी असलेलं आणखी पडलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून "इन्सुलिन का लावत नाही?" म्हणून तिथे भांडू नका, ते रिपोर्टची वाट बघत असतात. ज्या ठिकाणी पोटॅशियम तपासायची सोय नाही तिथे डीकेएचा रुग्ण ठेवून घेऊ नये, सलाईन चालू करून पुढे पाठवावा. मुलांना सलाईन मोजूनमापून देतात, भराभर पाणी आणि शुगर उतरवण्याने मेंदूला सूज येऊ शकते.

कपाशी_वावर | १९ जुलै, सं. ७:३०

डॉक्टरसाहेब, फवारणीच्या दिवसांत उलटी झाली की सगळे विषबाधाच म्हणतात. शुगरवाल्याचं कसं ओळखायचं?

पीएचसी_एमओ | १९ जुलै, रा. ८:१०

फार महत्त्वाचं विचारलं. २०१७ च्या यवतमाळच्या विषबाधांनंतर लोक सावध झाले हे चांगलंच, पण त्यात डीकेए सुटू नये. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत माणूस ओला होतो: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, स्नायू फडफडतात. डीकेएत माणूस कोरडा होतो: जीभ सुकलेली, डोळे खोल, तहान, सारखी लघवी. पण विषबाधेतही शुगर चढू शकते, त्यामुळे नुसत्या शुगरच्या आकड्यावर ठरवू नका. कीटोनची पट्टी लावा, औषधाची रिकामी बाटली सोबत आणा आणि दोन्ही शक्यता डॉक्टरांना सांगा. दोन्हींत थांबायला वेळ नाही.

धान_गोंदिया | २० जुलै, स. ७:००

टाइप २, सुई नाही, फक्त गोळ्या. त्यात एक 'डापाग्लिफ्लोझिन' आहे. कालपासून उलट्या, पण शुगर १६० च. मग कीटोनची चिंता नाही ना?

फार्मसिस्ट_पुसद | २० जुलै, स. ७:२५

ताई, चिंता आहे. आत्ता लघवी तपासा, आणि ती गोळी आज घेऊ नका.

ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्यामुळे रक्तात शुगर १५०-२०० दिसते आणि आत कीटोन चढत असतात. शुगर बरी म्हणून घरचे आणि कधी दवाखानेही फसतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, सगळ्यांचं तसंच. पेटंट संपल्यावर डापा स्वस्त झाली आणि मेटफॉर्मिनसोबत एका गोळीत येऊ लागली, म्हणून पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नाव '-ग्लिफ्लोझिन' ने संपतंय का एवढं बघायचं.

नियम: जेवण बंद, उलटी-जुलाब, जबर ताप असेल तर गोळी थांबवा, खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा. ऑपरेशनच्या आधी किमान तीन दिवस बंद. मोतीबिंदूच्या शिबिरातही ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. बंद केल्यावरही तिचा परिणाम काही दिवस उरतो, म्हणून एकदा पट्टी कोरी आली की विसरायचं नाही. आणि ही गोळी घेताना भाकर-भात पूर्ण सोडणारा कीटो आहार किंवा उपाशीपोटी मोहाची दारू, दोन्ही थेट डीकेएकडे नेतात. लघवीत साखर मात्र या गोळीमुळे कायम दिसेल, ती बघून घाबरू नका. बघायचा तो कीटोनचा चौकोन.

पट्टी 'मध्यम' आली किंवा उलटी थांबली नाही, तर शुगर १६० असली तरी आजच दवाखान्यात जा आणि गोळीचं पाकीट दाखवा.

धान_गोंदिया | २० जुलै, स. ९:५०

पट्टी 'मध्यम' आली. निघालो.

सिस्टर_आर्वी | २० जुलै, स. १०:०५

बरं केलं. तिथे गेल्यावर "शुगर नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल" असं म्हणाले तर रक्तातलं आम्ल, म्हणजे एबीजी किंवा बायकार्बोनेट, तपासायची विनंती करा.

इथे उपासाचंही सांगते, श्रावण आणि हरतालिका जवळ आलेत. निर्जळ उपासात धडधाकट माणसालाही थोडे कीटोन येतात, ते उपाशीपणाचे. टाइप १ असेल, गरोदर असेल किंवा वर सांगितलेली गोळी चालू असेल तर निर्जळ करू नये. करायचाच असेल तर पाणी, ताक, फळ चालू ठेवा. साबुदाणा-भगर घेत असाल तर सुई द्यावीच लागते, तो उपास नावाचाच, स्टार्च भरपूर असतो त्यात. संथ इन्सुलिन कोणत्याही उपासात बंद नाही. गरोदरपणात शुगर २०० असतानासुद्धा डीकेए होतो, म्हणून तिथे आकड्याची वाट बघू नका.

माठ_आणि_इन्सुलिन | २० जुलै, दु. ३:३०

सगळं बरोबर करूनही कीटोन येत असतील तर बाटलीवर संशय घ्या. आपल्या भागात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या घरात दुपारी त्याहून जास्त. असं तापलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंच असतं, पण जोर गेलेला असतो. वापरात असलेली बाटली ३० अंशांखाली चार आठवडे चालते, पुढे नाही. फोडल्याची तारीख लेबलवर लिहा.

फ्रिज नसेल किंवा लोडशेडिंग असेल तर दोन माठांची जोडी लावा. मोठ्या माठात चार बोटं वाळू, त्यावर छोटा माठ, मधल्या फटीत वाळू भरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपा. आतल्या माठात कोरड्या डब्यात बाटली, तोंडावर ओलं फडकं. उत्तरेच्या पडवीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. बंद खोलीत माठ थंडच होत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, जुलैच्या दमट हवेत कमी. पण जुलैत मुळात ऊनही कमी असतं. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटवून नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच, वितळवून चालत नाही.

स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाका. मिक्ससारखं मुळातच गढूळ असलेलं इन्सुलिन तळहातांत दहा-वीस वेळा फिरवून एकसारखं करा, घुसळू नका. फिरवूनही दह्यासारखे गठ्ठे किंवा काचेवर बर्फासारखा थर राहिला तर टाका. आणि एकाच जागी टोचून कातडीखाली गाठ झाली असेल तर तिथे दिलेलं इन्सुलिन धड चढत नाही. बोटांनी चाचपून बघा, गाठ सोडून टोचा.

आशाताई_अहेरी | २० जुलै, सं. ६:१५

ज्यांचा मधुमेह अजून कळलाच नाही त्यांचं लिहायचं राहिलं. लेकरू पाणी-पाणी करतं, रात्री अंथरूण ओलं करू लागतं, दोन-तीन आठवड्यांत वाळतं, लघवी केली तिथे जमिनीवर मुंग्या लागतात. मग पोटदुखी आणि उलटी. जंत समजून औषध देतात, नाहीतर पुजाऱ्याकडे नेतात. बोटातून शुगर तपासायला एक मिनिट लागतं, उपकेंद्रात मीटर असते. शुगर २०० च्या वर निघाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, उद्यावर नाही. ताप उतरायची वाट नाही.

आमच्या भागात सिकलसेल खूप आहे. अशा माणसाची एचबीए१सी कमी दाखवू शकते, कारण लाल पेशी लवकर मरतात. "तीन महिन्यांची शुगर चांगली आहे" या रिपोर्टवर विसंबू नका, मीटर आणि पट्टीवर विसंबा.

लॅब_दारव्हा | २० जुलै, रा. ९:००

आशाताई, हे मूळ धाग्यात जोडायला हवं.

टाइप१_पालक_हिंगणघाट | २१ जुलै, स. ७:४०

एक शंका. इन्सुलिन-पाणी देऊन लेकरू ताजंतवानं दिसतं, शुगरही उतरते, तरी लघवीची पट्टी आणखी जांभळी होते, असं बऱ्याच पालकांना दिसतं. डोस वाढवायचा का?

पीएचसी_एमओ | २१ जुलै, स. ८:२०

घाईने वाढवू नका. रक्तातला मुख्य कीटोन बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, तो लघवीच्या पट्टीला दिसतच नाही. पट्टी दाखवते ॲसिटोॲसिटेट. बरं होताना पहिल्याचं रूपांतर दुसऱ्यात होतं, म्हणून रक्त सुधारत असताना लघवी थोडा काळ बिघडल्यासारखी दिसते. याच कारणाने सुरुवातीला पट्टी कमी दाखवते, तेव्हा 'थोडे' आले म्हणून निर्धास्त राहायचं नाही. दवाखान्यात आम्ही रक्तातला कीटोन तासाला अर्धा मिलिमोल तरी उतरतोय का ते बघतो.

घरी फक्त लघवीची पट्टी असेल तर तिच्यासोबत लेकराकडे बघा. श्वास शांत, पाणी टिकतंय, शुगर उतरतीय, उठून बोलतंय, तर नेहमीच्या सुया आणि पेज चालू ठेवून चार तासांनी पुन्हा तपासा. श्वास खोल किंवा गुंगी असेल तर पट्टीचा रंग कोणताही असो, १०८.

धान_गोंदिया | २१ जुलै, दु. १२:१०

काल भरती केलं, डीकेएच निघाला. शुगर १७४ होती. गोळी बंद केली, सलाईन आणि इन्सुलिन चालू आहे. सुट्टी झाल्यावर घरी पट्टी किती वेळा लावायची?

सिस्टर_आर्वी | २१ जुलै, दु. १२:३०

ताई, पहिले तीन दिवस सकाळ-दुपार-रात्र, आणि उलटी किंवा मळमळ झाली तर लगेच. सुट्टीच्या कागदावर 'ग्लिफ्लोझिनमुळे डीकेए' असं मोठ्या अक्षरात लिहून मागा. उद्या दुसऱ्या दवाखान्यात कोणी तीच गोळी दुसऱ्या नावाने लिहून देऊ नये.